शब्दचर्चा: ‘गंगनम स्टाईल’मधल्या विनोदाला मराठीत काय म्हणायचं?

माझी भाची सतरा वर्षांची आहे. मोबाइलवर कोरियन शिकते. परवा दुपारी जेवणं झाल्यावर तिने मला ‘गंगनम स्टाईल’ पुन्हा दाखवलं. गाणं २०१२च्या जुलैचं, त्याच डिसेंबरात यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिलं गेलेलं पहिलं व्हिडिओ. आमच्याकडे त्या वर्षीच्या प्रत्येक वरातीत बँडवाल्यांनी ते वाजवलं आणि आम्ही सगळे घोडा हाकल्यासारखे नाचलो. मी म्हटलं, एक जाडगेला माणूस काळा चष्मा लावून नाचतोय, म्हणून हसायचं. ती म्हणाली, “मावशी, तू दहा वर्षं चुकीच्या जागी हसतेयस.”

मग तिने पहिलं दृश्य थांबवून थांबवून दाखवलं. साय नावाचा तो गायक आरामखुर्चीत पहुडलाय, शेजारी एक बाई त्याला वारा घालतेय. वाटतं, समुद्रकिनारा. कॅमेरा मागे सरकतो आणि दिसतं की ही तर लहान मुलांच्या बागेतली वाळू! पुढे सगळं असंच. दोन सुंदर मुलींच्या मधून ऐटीत चालतोय, तर समोरून वाऱ्याने कपटे आणि कचरा तोंडावर येतोय. डिस्को म्हणावा, तर तो मध्यमवयीन बायकांच्या सहलीच्या बसमध्ये. प्रेम जमतं ते मेट्रोच्या डब्यात. आणि सगळ्यात उंची ऐट कुठे, तर संडासात बसून.

गंगनम म्हणजे सोलमधला हान नदीच्या दक्षिणेचा भाग. ‘गांग’ म्हणजे नदी, ‘नाम’ म्हणजे दक्षिण. (गंगेशी कुणी जोडू नका, निव्वळ योगायोग आहे.) १९७०च्या दशकापर्यंत तिथे शेती आणि नासपतीच्या बागा होत्या. मग पूल आले, उंच इमारती आल्या, नावाजलेल्या शाळा नदीपलीकडे हलवल्या गेल्या आणि एका पिढीत जमिनीचं सोनं झालं. आता तिथला पत्ता म्हणजेच प्रतिष्ठा. साय स्वतः तिथल्या सधन घरातला. तो मुलाखतींत सांगायचा की खरे गंगनमवाले ‘मी गंगनमवाला’ असं कधी म्हणत नाहीत, नसलेलेच म्हणतात.

या नसलेल्या श्रीमंतीच्या तोऱ्याला कोरियनमध्ये ‘हॉसे’ म्हणतात. ‘हॉ’ म्हणजे पोकळ, ‘से’ म्हणजे जोर. आपले हौशे-नवशे-गवशे आठवले खरे, पण तेही नातं नाही. मला ‘बडा घर पोकळ वासा’ आठवलं. पण म्हण झाली, शब्द झाला नाही. ‘आव’, ‘बडेजाव’, ‘डौल’, ‘उसना तोरा’ असे तुकडे सापडतात. आणि हॉसेची अशी गंमत करण्याला काय म्हणू? विडंबन, उपहास, उपरोध की सरळ टवाळी?

प्रतिसाद: विडंबन नक्कीच नाही

ताई, वर्तमानपत्रांनी ‘विडंबन’ या शब्दाचा पार चोथा केलाय. कुणी कुणाला हसलं की विडंबन! विडंबनाला समोर मूळ कृती लागते. कविता असेल तर तिचा छंद उचलायचा, शब्द बदलायचे. सायने कुठलं गाणं उचललंय? कुठलंच नाही. त्याने एक वागणं उचललंय.

उपरोध म्हणजे उलटं बोलणं: “वा, काय वेळेवर आलात!” तो या गाण्यात थोडा आहे. पण त्याच्या पुढच्या ‘जंटलमन’मध्ये (२०१३) तो पुरेपूर आहे. त्यात हा सभ्य गृहस्थ बायका बसायच्या आत त्यांच्या खुर्च्या ओढतो आणि रस्त्यावरचा नो पार्किंगचा शंकू लाथाडतो. बोलण्यात सभ्यता, करण्यात वात्रटपणा. आपल्या अलंकारशास्त्रातल्या व्याजस्तुतीचं याहून सोपं उदाहरण मी वर्गात देऊ शकलो नसतो. गंमत पुढेच आहे. कोरियाच्या केबीएस वाहिनीने सार्वजनिक मालमत्तेची नासधूस दाखवली म्हणून ते व्हिडिओ दाखवायचं नाकारलं. शंकूची बाजू वाहिनीने घेतली, खुर्चीवरून पडलेल्या बायकांबद्दल मात्र अवाक्षर नाही.

प्रतिसाद: फुंगजा आणि हेहाक

कोरियन लोक स्वतः यात दोन शब्द वेगळे ठेवतात, ते इथे हवेत. ‘फुंगजा’ हा टोचणारा, वरच्याला खाली ओढणारा विनोद. ‘हेहाक’ हा माया असलेला, ज्यात हसणारा स्वतःलाही सोडत नाही. दोन्ही त्यांच्या मुखवट्यांच्या लोकनाट्यात, म्हणजे ‘थालचुम’मध्ये, शेजारी शेजारी सापडतात. बोंगसान गावच्या थालचुममध्ये मालतुगी नावाचा नोकर आहे. तो आपल्या यांगबान मालकांची, म्हणजे उमराव वर्गाची, त्यांच्या तोंडावर खिल्ली उडवतो. मालक रागावले की शब्द असा फिरवतो की ती स्तुतीच वाटावी, आणि मालक समाधानाने मान डोलावतात. युनेस्कोने २०२२ साली थालचुमला वारशाच्या यादीत घेतलं.

तमाशाच्या वगातला सोंगाड्या पाटलाला ज्या सुरात “जी सरकार” म्हणतो, तो सूर कानात आणा म्हणजे मालतुगी कळेल. म्हणून माझं मत ‘सोंग’. साय गंगनमवाल्याचं सोंग काढतो. सोंग काढणारा दुसऱ्याला हसवतो आणि स्वतःही हास्यास्पद होतो, दोन्ही एकाच वेळी. उपहासात हसणारा बाहेर उभा असतो. साय बाहेर नाही, तोच वाळूत पडलाय.

प्रतिसाद: ‘ओप्पा’चं काय?

गाण्याचं पालुपद ‘ओप्पान गंगनम स्टाईल’ असं आहे. ओप्पा म्हणजे मुलीचा मोठा भाऊ. पण तिथे मुली प्रियकरालाही ओप्पा म्हणतात. मराठीत प्रियकराला ‘दादा’ म्हटलं तर लग्न मोडेल! शिवाय इथे तो स्वतःच स्वतःला ओप्पा म्हणतोय. अशी स्वतःबद्दल तृतीयपुरुषी फुशारकी आमच्या कोल्हापुरात रोज ऐकू येते. माझं भाषांतर: “भाऊचा नाद खुळा.” यात तोरा आहे आणि तोऱ्याची टरही आहे.

प्रतिसाद: सगळंच निरागस नाही

माझा थोडा वेगळा सूर. मी कामानिमित्त चार वर्षं सोलमध्ये होते. गाण्यात एक ओळ आहे: कॉफीच्या कपाची निवांत लज्जत जाणणारी ती, आणि कॉफी थंड व्हायच्या आत एका घोटात रिचवणारा तो. ही कॉफी तिथे साधी नव्हती. २००६च्या सुमारास ‘द्वेंजांग-न्यॉ’ हा शब्द फोफावला. द्वेंजांग म्हणजे सोयाबीनची आंबवलेली चटणी, रोजच्या कालवणातली. जी मुलगी दुपारी ते स्वस्त कालवण खाते आणि वर परदेशी ब्रँडची महाग कॉफी हातात मिरवते, ती द्वेंजांग-न्यॉ.

ऐकताना गमतीदार वाटतो, पण हा शब्द नेहमी बायकांनाच मारला जायचा. महागडी घड्याळं घालणाऱ्या पुरुषांसाठी तेवढा नावाजलेला शब्द नव्हता. माझ्या ऑफिसात एकजण हातातला कप पाहून सहज म्हणायचा आणि टेबलावरचे सगळे हसायचे. मराठीत याला कोपरखळी म्हणतील. मी म्हणणार नाही. कोपरखळी मारणारा आणि खाणारा एका पंगतीला बसतात, इथे तसं नव्हतं. हे हिणवणं झालं.

सायचं श्रेय इतकंच की त्याने चटणीवाला शब्द न वापरता कॉफी एका घोटात पिणारा पुरुष हास्यास्पद केला. निदान मला तरी तसं दिसलं.

प्रतिसाद: शब्दांचे खेळ राहिले

आपण सगळे दृश्य विनोदावर बोलतोय, पण कोरियन गाण्यातला खरा मसाला शब्दांत असतो आणि खालच्या भाषांतरात तोच गळतो. बीटीएस या कोरियन मुलांच्या गटाच्या ‘डोप’मध्ये (२०१५) मुलं डॉक्टर, पोलीस, हॉटेलातला नोकर अशा गणवेशांत नाचतात. त्यात एक ओळ ‘साम्पो’ पिढीवर आहे. ‘साम’ तीन, ‘पो’ सोडून देणं: प्रेम, लग्न आणि मूल या तीन गोष्टी परवडत नाहीत म्हणून सोडलेली पिढी. पुढे ‘ओपो’, पाच सोडलेली. मग गाणारा म्हणतो, मला युकपो आवडतं, म्हणून मी युकपो पिढी! ‘युक’ म्हणजे सहा. पण युकपो म्हणजे सुकवलेलं मांससुद्धा. त्या हताश मोजणीचं त्याने चघळायचं खाणं करून टाकलं. हा अस्सल श्लेष. आपले शाहीर खूष झाले असते.

त्याच वर्षीचं त्यांचंच ‘बॅप्से’ घ्या. बॅप्से हा चिमणीहून लहान पक्षी. म्हण अशी की बॅप्से करकोच्याच्या चालीने चालायला गेला तर त्याच्या तंगड्या फाटतात. मराठीत ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ जवळ येते, पण त्यात शेजारी करकोचा नाही. आमच्या कांदिवलीच्या चाळीत शेजारच्या बा म्हणायच्या: “लांबा जोडे टूंको जाय, मरे नहीं तो मांदो थाय.” लांबाबरोबर आखूड चालला तर मरत नाही, पण आजारी नक्की पडतो. गुजरातीने बाजी मारली इथे.

गाण्याची खोच अशी की म्हण वडीलधाऱ्यांची, पण ती बोलतात पोरं: आम्ही बॅप्से, तुम्ही करकोचे, आणि वरून आम्हालाच ‘मेहनत करा’ सांगता. मेहनतीला ‘नोर्यॉक’ म्हणतात. त्या पिढीने चेष्टेने तो शब्द ‘नोऽऽर्यॉक’ असा ताणला. आपल्या अवग्रहाला इतकं चांगलं काम बऱ्याच दिवसांत मिळालं नसेल. आणि ‘मेहनत मेहनत’ची ती टकळी बंद करा, असं म्हणताना गाण्यात ‘थार्यॉंग’ शब्द येतो. थार्यॉंग हा मुळात लोकगीताचा प्रकार, बोलण्यात त्याचा अर्थ तेच तेच उगाळणं. मराठीत ‘तुणतुणं’! गाण्याबजावण्यातूनच आलेला शब्द, दोन्हीकडे.

प्रतिसाद: एक भारतीय धागा

विषयांतर समजा. ऑरेंज कॅरमेल या तीन मुलींच्या गटाचं ‘कॅटालेना’ (२०१४) ऐका. त्यात ‘जुत्ती मेरी’ या पंजाबी लोकगीताचे सूर आहेत. व्हिडिओत मुली जलपऱ्या होतात आणि पुढे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या सुशीसारख्या ट्रेमध्ये विकायला ठेवल्या जातात. मुलींचे गट कसे बाजारात मांडले जातात यावरचा चिमटा, असं मी तो समजतो. केबीएसने तेही अडवलं, कारण माणसं प्लास्टिकमध्ये गुंडाळली होती! शंकू, प्लास्टिक... ही वाहिनी वस्तूंबद्दल फार हळवी दिसते.

प्रतिसाद: आमच्या वेळी

इतकं खोदायची गरज आहे का? आमच्या वेळी गाण्यातला विनोद समजावून सांगावा लागत नसे. लोक ऐकायचे आणि हसायचे.

प्रतिसाद: धागाकर्ती

काका, राग मानू नका, पण तुमचा प्रतिसाद मी भाचीला वाचून दाखवला आणि ती खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. कोरियनमध्ये ‘आमच्या वेळी असं होतं बरं का’ याला ‘ना त्तेनून मारिया’ म्हणतात. असं सारखं म्हणणारा मोठा माणूस तो ‘क्कोंदे’. पोरांनी ‘ना त्ते’चं ‘रा त्ते’ केलं, म्हणजे लाटे कॉफी. आणि ‘मारिया’मधला ‘माल’ म्हणजे बोलणं, पण घोडासुद्धा! म्हणून ‘आमच्या वेळी’ म्हणणाऱ्याला ती पोरं इंग्रजीतून गंभीर चेहऱ्याने सांगतात: “लाटे इज हॉर्स.”

‘सोंग’ मला पटलं. भाऊचा नाद खुळा तर मी वहीत लिहून ठेवलाय. हिणवण्याचा मुद्दा मला सुचलाच नव्हता, त्याबद्दल वेगळे आभार. भाची मात्र आता मला मावशी म्हणत नाही. काल चहा ठेवताना मी सहज म्हटलं, “आमच्या वेळी दूध वेगळं तापवायचे.” तेव्हापासून मी घरात ‘घोडा’ आहे.