शब्दचर्चा : ‘फील्ड’ला क्षेत्र म्हणावं की वावर?

मी तालुक्याच्या गावी डिप्लोमाच्या मुलांना शिकवतो, राहतो मात्र अजून खेड्यातच. परवा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला गेलेली माझी दोन जुनी पोरं ओसरीवर येऊन बसली होती. विद्युतचुंबकत्व डोक्यात शिरत नाही म्हणाली. मी सुरुवात केली, ‘चुंबकाभोवती जे क्षेत्र असतं...’ शेजारी बाबा सुपात तूर घोळत होते. मान वर न करता म्हणाले, ‘किती क्षेत्र? एकर-दोन एकर तरी असंल?’

हसण्यावारी नेलं, पण रात्री विचार केला तर बाबांचं बरोबर. सातबाऱ्यावर ‘क्षेत्र’ म्हणजे हेक्टर-आर. ‘पेरणी क्षेत्र घटले’ म्हणजे तेच. आणि पुस्तकात अभिवाहाची, म्हणजे फ्लक्सची व्याख्या येते तेव्हा वाक्य होतं, ‘चुंबकीय क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ’. एका ओळीत दोन क्षेत्रं, एक टेस्लात आणि दुसरं चौरस मीटरमध्ये. पोरगं तिथंच अडखळतं.

म्हणून माझा प्रस्ताव : वावर. आपल्याकडं शेताला वावर म्हणतात, आणि इंग्रजी ‘फील्ड’ म्हणजे शेतच. फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञानं १८४५ च्या सुमारास हा शब्द चुंबकाला लावला. तो गडी बुकबाइंडरकडं उमेदवारी करून वर आलेला, गणिताशी त्याचं फारसं सख्य नव्हतं. त्याला जे दिसत होतं ते त्यानं साध्या शब्दात पकडलं. आपल्याला तर त्याहून चांगली सोय आहे. वावर नपुंसकलिंगी धरलं तर शेत, पुल्लिंगी धरलं तर एखाद्याचं हिंडणं-फिरणं, असणं. ‘या घरात मांजराचा वावर आहे’ म्हणतो तसा ‘इथं चुंबकाचा वावर आहे’. चुंबक स्वतः जागचा हलत नाही, पण दोन बोटं अंतरावरच्या टाचणीला त्याचा वावर कळतो.

शिकवायलाही बरं पडतं. नाल्याकडच्या कोपऱ्यात वावर चिबड असतं, बरडाकडं कोरडं. ठिकठिकाणी ओल किती, याचा एकेक आकडा मांडला तर ते अदिश वावर. ठिकठिकाणी पाणी कुणीकडं आणि किती जोरानं वाहील याचे बाण काढले तर सदिश. चुंबकाचं दुसऱ्या जातीचं.

आणखी दोन शब्दांनी मला छळलंय. एक फीडबॅक, म्हणजे यंत्रानं जे केलं त्याची माहिती मागं यंत्राकडंच येणं. दुसरा हिस्टेरिसिस, त्याचं पुढं बोलू. फीडबॅकला ‘प्रतिसाद’ लिहावं तर तो रिस्पॉन्सला दिलेला आहे. ‘अभिप्राय’ म्हटलं की बँकेतली तक्रारवही आठवते. ‘पुनर्भरण’ चांगला होता, पण विहीर पुनर्भरणानं तो कधीच उचलला. ‘प्रतिभरण’ कुणी बोलत नाही. सुचवा.

———

मराठीच्या बाई :

क्षेत्राला एवढं परकं करू नका. शेत हा शब्द क्षेत्रावरूनच आला आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटलंय ते शेत याच अर्थानं, आणि क्षेत्रज्ञ म्हणजे त्या शेताला जाणणारा. म्हणजे ज्यानं पहिल्यांदा फील्डला क्षेत्र म्हटलं त्यानं शब्दशः शेतच लिहिलं होतं. पुढं तलाठ्यानं त्याचं माप केलं, त्याला तो बिचारा काय करणार! वावर मला आवडला, पण पुण्याकडच्या मुलाला वावर म्हटलं की पहिला अर्थ हिंडणं-फिरणं हाच लागेल. तुमच्या दोन अर्थांतला एकच त्याच्या पदरी पडेल.

तुम्ही विसरलात त्या शब्दाचं काय? ‘ऋण’. निगेटिव्ह फीडबॅकला ‘ऋण प्रतिभरण’ लिहिलेलं मी मुलीच्या वहीत वाचलं आणि मला आधी वाटलं, कर्जाचा हप्ता आहे. आपल्या जिल्ह्यात ऋण हा शब्द गणिताचा राहिलेला नाही.

———

शेतीपंपाचं काम करणारा वायरमन :

सर, वावर एक नंबर. टॅक्टरच्या मागं लिवलेलंच हाय, वावर हाय तर पावर हाय. तुमच्या पोट्ट्यायले ते पैलेच पाठ हाय.

फीडबॅकचं मी सांगतो. कूलर अन् टाकी, या दोन गोष्टीत तुमचं आर्धं पुस्तक येते. कूलर लावला का रातभर सुसाट चालते. खोली थंडी झाली का नाई याचा त्याले काई पत्ता नाई. पहाटं आपल्यालेच कुडकुडत उठून बटन बंद करा लागते. टाकीत फुगा रायते. पाणी वर आलं का फुगा वर येते अन् कॉक बंद होते. फुग्यानं पाण्याची खबर मांगं आणली. म्हून मी म्हणतो, ‘परतखबर’. कूलरले परतखबर नाई, टाकीले हाय.

पैले ऑइल इंजनाले गव्हर्नर रायचा, इंजनाचा वेग सांभाळनारा. लोड पडला, इंजन मंदावलं, का त्याचे वजनं आत येत अन् डिझल वाढे. लोड निघाला का वजनं बाहीर फाकत अन् डिझल कमी. तेबी परतखबरच.

———

धागा सुरू करणारा :

भाऊ, परतखबर झकास आहे. तुमच्या कूलरसारख्या, परतखबर नसलेल्या ‘ओपन लूप’ला ‘बिनखबरी’ म्हणायचा मोहही होतोय, पण तो आवरतो.

तुम्ही गव्हर्नर काढलात म्हणून सांगतो. माझे विद्यार्थी कंट्रोल सिस्टिम (हे परतखबरीचंच शास्त्र) आणि विद्युतचुंबकत्व हे दोन विषय दोन वेगवेगळ्या मास्तरांचे समजतात. पण मास्तर एकच. जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं विद्युतचुंबकीय वावराचा सिद्धांत १८६५ मध्ये छापला, आणि तीनच वर्षांनी, १८६८ मध्ये, वाफेच्या इंजिनांच्या गव्हर्नरवर निबंध लिहिला. जेम्स वॉटनं गव्हर्नर वाफेच्या इंजिनाला बसवला तो १७८८ मध्ये. म्हणजे ऐंशी वर्षं लोक तो वापरत होते, आणि तो कधीकधी शांत राहण्याऐवजी झोके का खातो याचं गणित मॅक्सवेलनं मांडलं. गव्हर्नर हा शब्द मुळात ग्रीक, सुकाणू धरणाऱ्यापासून निघालेला. आपल्याकडं ना समुद्र ना सुकाणू. मी कासरा सांगतो. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, बैलांनी डवरणी करणारा माणूस काय करतो? नजर तासावर. डवरा झाडाकडं सरकला की कासरा हलकेच उलट्या बाजूला. डोळ्यानं पाहिलेला जो फरक, त्याला इंग्रजीत ‘एरर’ म्हणतात. पुस्तकवाले त्याला ‘त्रुटी’ लिहितात, पोरं ‘चूक’ म्हणतात. चूक कुणाचीच नाही त्यात. बैल सरळ चालला तरी फरक मोजावाच लागतो, फक्त तो शून्य येतो. तिथं ‘फरक’च लिहा, मी तर आग्रहानं सांगेन.

बाईंच्या ऋणावर : वाढवणारी आणि आवरणारी अशी जोडी करू का? भजनात माइक भोंग्यासमोर आला की शिट्टी घुमते, ती वाढवणारी परतखबर. सावकाराचं व्याजावर व्याज, तीही. फुगा आणि कासरा, या आवरणाऱ्या.

———

दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी :

सर, ‘आवरणारी’ लिहिलं तर आम्ही पुन्हा फसू. आमच्या घरचंच सांगते. आमचं वावर लांबट आहे, विहीर एका टोकाला. आई शेवटच्या वाफ्याजवळ उभी राहते, मी विहिरीपाशी व्हॉल्व्हवर. ती फोनवर म्हणते, ‘पाणी कमी येते, वाढव.’ मी वाढवते. पाट भरून तिच्यापर्यंत वाढलेलं पाणी जायला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात ती पुन्हा, ‘अजून वाढव.’ मी अजून वाढवते. मग एकदम लोंढा जातो, वाफा फुटतो, ती ओरडते, ‘बंद कर, बंद कर.’ मी बंद करते, तर दहा मिनिटांनी पाट कोरडा. दोघी मिळून सकाळभर हेच.

इथं खबर उलट्या दिशेचीच आहे ना? कमी असलं तर वाढवायचं, जास्त असलं तर कमी करायचं. तरी काही आवरलं जात नाही, झोकेच जातात. कारण खबर उशिरा येते आणि मी हात जोरात फिरवते. आम्हाला बोडे आलेखात (वारंवारतेनुसार विलंब आणि लाभांक दाखवणारा आलेख) शिकवलं की ज्या वारंवारतेला लूपमधला विलंब १८० अंशांचा, म्हणजे अर्ध्या झोक्याचा झाला, तिथं लाभांक, म्हणजे एका फेरीत सिग्नल किती पट होतो तो आकडा, एक किंवा जास्त असला तर झोके मरत नाहीत. मग ‘आवरणारी’ हे नावच खोटं ठरतं.

———

मराठीच्या बाई :

हिचं बरोबर आहे. नावात फळाचं आश्वासन नको. साधा ‘वजा’ घ्या की. अधिक-वजा आपण पहिलीपासून म्हणतो, आणि त्याला कर्जाचा वास नाही.

———

धागा सुरू करणारा :

वजा! हे माझ्या टाळक्यात का आलं नाही कोण जाणे. कंट्रोलच्या आकृतीत फरक काढणारा जो छोटा गोल असतो, त्यात खरोखर तेच घडतं. पाहिजे ते, वजा आहे ते, बरोबर फरक. ‘वजा परतखबर’ आणि ‘अधिक परतखबर’. एवढंच म्हणतो की अँप्लिफायरमध्ये मागं येतो तो प्रत्यक्ष सिग्नलचा हिस्सा असतो, तिथं नुसती ‘खबर’ किंचित तोकडी पडते. चालवून घेऊ. वाफा फुटण्याचं उदाहरण मात्र मी उद्याच्या तासाला वापरणार आहे, तुझ्या आईला सांग.

आता हिस्टेरिसिस. हिंदी पुस्तकात ‘शैथिल्य’ असतं. ऐकून ढिलेपणा वाटतो, आणि गोष्ट ढिलेपणाची नाहीच. इविंग नावाच्या शास्त्रज्ञानं १८८० च्या दशकात हा शब्द ग्रीकवरून बनवला, अर्थ मागं राहणं, उशिरा येणं.

———

वायरमन :

त्याले आमच्याकडं शब्द नाई, पण वस्तू हाय. टाकीवर दोन फुग्याचं ऑटो लावतो मी. पाणी पाव टाकीवर आलं का मोटर चालू, भरली का बंद. आता सांगा, टाकी आर्धी हाय तवा मोटर चालू हाय का बंद? कोनालेच सांगता येनार नाई. भरत आली असंल तर चालू, उतरत आली असंल तर बंद. एकच फुगा ठेवला, तर पाणी बोटभर हाललं का मोटर चालू-बंद, चालू-बंद. स्टार्टरचे काँटॅक्ट जळून कोयसा होते. एका गिऱ्हाइकानं हट्टानं तसं करून घेतलं होतं. पंधरा दिवसात स्टार्टर माह्या दुकानात.

———

धागा सुरू करणारा :

यापेक्षा स्वच्छ व्याख्या मी वाचलेली नाही. आता कुठं आहे एवढं सांगून भागत नाही, कुठून आला तेही सांगावं लागतं. लोखंडाचं तसंच. तारेच्या वेटोळ्यात, ज्याला शाळेच्या पुस्तकात ‘कुंतल’ म्हणतात (आणि बाबा ‘किती कुंटल कापूस?’ म्हणतात), वीजधारा वाढवत नेली की आतलं लोखंड चुंबक होतं. धारा शून्यावर आणली तरी थोडं चुंबकत्व उरतं. ते घालवायला उलटी धारा लावावी लागते. डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला हा फेरा दर सेकंदाला ५० वेळा करावा लागतो, आणि प्रत्येक फेऱ्यात थोडी ऊर्जा गरमीत जाते. म्हणून तिथं सिलिकॉन मिसळलेलं पोलाद घालतात, आलेखावर काढला तर त्याचा फेरा अरुंद असतो. स्पीकरच्या चुंबकाला उलट रुंदच फेरा पाहिजे.

उरलेल्या चुंबकत्वाच्या या चिवटपणाला माझा शब्द ‘पीळ’. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. गाभ्याला पीळ कमी, स्पीकरला पीळ जास्त. फेऱ्याला ‘पिळाचा फेरा’.

———

विद्यार्थिनी :

सर, पण इथं म्हण उलटी पडते. चुंबक पुरेसा तापवला की त्याचं चुंबकत्व जातं ना? सुंभ जळाला की पीळ जातोच.

———

धागा सुरू करणारा :

पकडलंस. लोखंडाचा सुमारे ७७० अंश सेल्सिअसला जातो, मॅग्नेटाइट या खनिजाचा सुमारे ५८० ला. पण म्हणीनं अगदीच दगा दिलेला नाही. तापून गेलेला पीळ थंड होताना पुन्हा भरतो, आणि त्या वेळी आजूबाजूला जे वावर असेल त्याच्याच दिशेनं. आपल्या विहिरी खणताना जो काळा पाषाण लागतो, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थिजताना त्यातल्या चुंबकीय कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरली ती धरली. आणि दख्खनच्या त्या लाव्ह्यापैकी बराचसा थिजला तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते. विहिरीच्या काठावर पडलेल्या त्या दगडात बहुधा अजून तो उलटा पीळ आहे.

———

वायरमन :

म्हंजे आमच्या विहिरीच्या दगडाले उत्तर-दक्षिण उलटी ठाऊक हाय. तरीच मोटर उलटी फिरते!

———

धागा सुरू करणारा :

नाही भाऊ, ती तुम्ही दोन फेज अदलाबदल करून लावल्यामुळं फिरते.

———

विद्यार्थिनी :

सर, एक शेवटचं. पेपरात ‘चुंबकीय वावर’ लिहिलं तर मार्क मिळतील?

———

धागा सुरू करणारा :

नाही. पेपरात ‘क्षेत्र’च लिही. आणि फ्लक्सच्या व्याख्येत ‘क्षेत्रफळ’ हा शब्द पूर्ण लिही, नुसतं ‘क्षेत्र’ नको. दरवर्षी दोन-तीन पोरं तिथंच घसरतात.