मदत हवी आहे: बोटीवर जनरेटर रात्री सारखा बंद पडतोय

निवांतनांगर
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, संध्याकाळी परत पाण्यावर निघायचंय. २ किलोवॉटचा पेट्रोलवरचा पोर्टेबल जनरेटर आहे, घेऊन वर्षही झालं नाही. काल नांगर टाकून मुक्काम केला तर हा बाबा रात्रीत तीनदा बंद. दर वेळी उठा, दोरी ओढा, चालू करा, की अर्ध्या-पाऊण तासाने परत ढप्प. लोड म्हणजे छोटा एसी आणि दोन मोबाइल, बस. पेट्रोल फुल्ल, प्लग बघितला, फिल्टर साफ. बंद पडू नये म्हणून काय करू?

हातोडापक्कड
ऑइल सेन्सर. डोळे झाकून सांगतो. बोट डुलते, ऑइल एका बाजूला जातं, सेन्सरला वाटतं ऑइल संपलं आणि तो इंजिन बंद करतो. माझंही सेम झालेलं. सेन्सरची वायर काढून टाकली, तीन वर्षं झाली, मस्त चालतोय.

चहाबाज
ऑइल कुठलं घालता? १०डब्ल्यू-३० सोडून दुसरं घालू नका.

शिडवाला
थांबा, वायर-बियर काही काढू नका. आधी सांगा, बंद पडल्यावर कुठला लाइट लागतो? जनरेटर बोटीवर ठेवलाय नक्की कुठे? आणि तुम्ही झोपता कुठे?

निवांतनांगर
लाल लाइट लागतो. जनरेटर मागच्या प्लॅटफॉर्मवर, दुसरीकडे जागा कुठाय. झोपतो अर्थात केबिनमध्ये, दार लावून, वायरीपुरती फट ठेवून. पाऊस होता म्हणून मागचं कॅनव्हास खाली सोडलेलं. पण प्रश्न बंद पडण्याचा आहे, सुरक्षिततेवर प्रवचन नको प्लीज.

शिडवाला
लाल लाइटपाशी चित्र कसलंय? तेलाच्या किटलीचं की दुसरं काही?

हातोडापक्कड
अहो लाल म्हणजे ऑइलच. सगळ्या मशीनला लालच असतो.

निवांतनांगर
आत्ता जाऊन बघितलं. किटलीचा लाइट वेगळाय, तो लागला नव्हता. जो लागला त्याच्याशेजारी सीओ लिहिलंय. त्याचं काय?

शिडवाला
त्याचंच सगळं आहे राव! जनरेटर बिघडलेला नाही, तो तुम्हाला वाचवायला बंद पडतोय. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. नव्या जनरेटरांत सेन्सर बसवतात. अमेरिकेत जनरेटर बनवणाऱ्यांच्या संघटनेचं २०१८ चं मानक आहे, त्यात जनरेटरजवळच्या हवेत हा वायू ८०० पीपीएमवर (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ८०० भाग) गेला किंवा १० मिनिटांची सरासरी ४०० च्या वर गेली की इंजिन बंद झालं पाहिजे. तुम्ही कॅनव्हास सोडून मागे बंद खोलीच केलीत, आणि तिला जोडून केबिनच्या दाराची फट. तीनदा त्याने बंद केलं आणि तीनदा तुम्ही उठून चालू केलंत. सकाळी सगळे कसे होते?

निवांतनांगर
हम्म. डोकं ठणकत होतं सगळ्यांचं. धाकटीला उलटी झाली. आम्हाला वाटलं बोट लागली. पण घरी आल्यावर बोटाला ऑक्सिमीटर लावला, सगळ्यांचे ९८-९९. म्हणजे ठीक ना?

रात्रपाळी_डॉक्टर
नाही, ठीक म्हणता येणार नाही, आणि हे नीट वाचा. साधा ऑक्सिमीटर इथे फसतो. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड हे त्याला ओळखता येत नाही, दोन्ही त्याला लालच दिसतात, आकडा ९९ येतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. मोकळ्या हवेत त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. आज दवाखान्यात जाऊन रात्री काय झालं ते जसंच्या तसं सांगा, रक्तात कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, तपासायला सांगा. उशिरा गेलात तर आकडा कमी दिसेल, म्हणून जनरेटरचं आवर्जून सांगायचं. आणि पुढच्या वेळी म्हणून: सगळ्यांना एकदमच बोट लागली आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं तर ती बोट लागलेली नसते.

हातोडापक्कड
घाबरवू नका हो लोकांना. कॅनव्हास वर घेतलं की झालं. शिवाय नांगरावर बोटीचं तोंड नेहमी वाऱ्याकडे असतं, धूर आपोआप मागे जातो. फारच वाटलं तर सायलेन्सरला लोखंडी पाइप जोडून पाण्याकडे वळवा.

शिडवाला
वारा पडला की? प्रवाहाने बोट फिरली की? आणि वारा समोरून असला तरी केबिनच्या मागे भोवरा तयार होतो, तो धूर उलटा आत ओढतो. गाडीची डिकी उघडी ठेवून चालवली की धूर आत येतो ना, तसंच. जोडलेला पाइप हलून हलून सांध्यात सुटतो, तापून भाजतो, आणि तो गळतोय हे कळायला वायूला वास तरी हवा ना! बोटीसाठीच बनवलेल्या जनरेटरला पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट असतो आणि तो बोटीच्या कडेतून बाहेर काढलेला असतो, तरीसुद्धा त्यांच्याबरोबर डिटेक्टर लावतात.

गळबहाद्दर
सीओ जड असतो का? मग डिटेक्टर खाली लावायचा? (अवांतर: एसी लावून झोपायला बोटीवर जाता कशाला राव, मासे तरी पकडता का?)

शिडवाला
नाही, हवेपेक्षा किंचित हलकाच, सगळीकडे मिसळतो. झोपताना डोकं असतं त्या उंचीला लावा, बोटीसाठीचाच घ्या. पण एक लक्षात ठेवा, ७० पीपीएमला हे एक ते चार तासांनी वाजतात, धूर आत येऊ द्यायचा परवाना म्हणून नाही लावायचे. खाली साठते ती पेट्रोलची वाफ, ती हवेच्या तीन-चार पट जड. पेट्रोलचा कॅन कुठे ठेवता?

निवांतनांगर
सीटखालच्या कप्प्यात. झाकण घट्ट आहे.

वायरमन७
झालं!! उन्हात कॅन फुगतो, जरा गळला की वाफ बोटीच्या तळाला जाऊन बसते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ असली की ठिणगीला पुरते, आणि तुमचा जनरेटर ठिणगीबंद नाही, तो अंगणात ठेवायचा माल आहे. गरम असताना बोटीवर पेट्रोल भरताय का तेही सांगा. आणि एसीला करंट कसा दिलाय?

निवांतनांगर
रात्री एकदा भरलं, पण बंद करून. करंट, दोन्ही बाजूला पिन असलेली वायर केलीये, धक्क्यावरून वीज घ्यायचं जे सॉकेट आहे त्यात जनरेटरकडून.

वायरमन७
ती वायर आजच कापून टाका. एक टोक सुटलं की उघड्या पिनांत पूर्ण व्होल्टेज, आजूबाजूला ओलं, पाण्यात पोरं. या छोट्या जनरेटरांत न्यूट्रल बहुतेक मोकळा, म्हणजे अर्थला न जोडलेला असतो, बोटीवरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) अशा वेळी पडेलच असं नाही.

रात्रपाळी_डॉक्टर
पाण्यातली पोरं म्हणालात म्हणून. अमेरिकेतल्या लेक पॉवेल तलावावर ऑगस्ट २००० मध्ये दोन भाऊ हाउसबोटीच्या मागच्या प्लॅटफॉर्मखालच्या पोकळीत गेलेले, जनरेटरचा एक्झॉस्ट तिथेच सुटायचा. उघड्यावर, भर दिवसा. दोघांचाही जीव गेला. जनरेटर चालू असताना मागच्या बाजूला पोहायला कुणालाही सोडू नका.

गळबहाद्दर
बाप रे.

हातोडापक्कड
बरं, ऑइल सेन्सर नव्हता हे मान्य. पण मग त्यांनी एसी चालवायचा कसा ते पण सांगा ना, नुसतं नको नको.

वायरमन७
१२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे सव्वा युनिट. ५०० वॅटचा एसी सलग चालला तर दोन-सव्वादोन तास. रात्रभराला तीन-चार बॅटऱ्या. नाहीतर दोन छोटे पंखे, ते रात्रभर चालून दहा अँपिअर-तास खातात. जनरेटर किनाऱ्यावर उतरवून लांब ठेवा, दिवसा त्यावर बॅटरी भरा.

निवांतनांगर
दवाखान्यातून लिहितोय. सगळ्यांचं रक्त घेतलं, धाकटीला मास्क लावलाय, बसून कार्टून बघतेय. डॉक्टर म्हणाले आणखी एकदा दोरी ओढली असती तर, पुढचं बोलले नाहीत. घरून निघताना कॅनव्हास उलटं करून बघितलं, आतल्या बाजूला जनरेटरच्या बरोबर वर ताटाएवढा काळा डाग आहे. संध्याकाळचं रद्द. पंखे कुठल्या साइजचे घेऊ?

चहाबाज
पण ऑइल कुठलं घालता ते सांगितलंच नाहीत.