मदत हवी आहे : ‘साइक्स’ आडनावाचा नकाशा, १८८१ आणि आज

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या ‘साइक्स’ आडनावाचा प्रसार नकाशावर मांडतोय. ‘साइक’ म्हणजे पाणथळ जागेतला बारीक ओहोळ, बऱ्याचदा हद्दीची खूणही. आडनाव सर्वांत दाट हडर्सफील्डच्या आसपास. २००० साली आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी तपासलेल्या ४८ साइक्स पुरुषांपैकी २१ जणांचं वाय गुणसूत्र (जे आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं) एकमेकांशी जुळलं. मूळपुरुष एकच असावा, हे मला पटतं.

अडचण तुलनेत आहे. नुसती डोकी मोजली तर मोठी शहरं उगाच पुढे येतात, म्हणून दर दहा हजारी प्रमाण काढतोय. पण १८८१ च्या जनगणनेचे आकडे नोंदणी-जिल्ह्यांचे, आजचे पोस्टकोडचे (म्हणजे तिथल्या पिनकोडचे). ब्रिगहाउस तेव्हा हॅलिफॅक्स जिल्ह्यात होतं, आज ते ‘एचडी’त, म्हणजे हडर्सफील्डच्या पोस्टकोडात येतं. मग दिसणारी वाढ माणसांची की सरकलेल्या हद्दीची?

१८८१ ची यादी पॅरिशपर्यंत (चर्चच्या हद्दीवरून पडलेला छोटा विभाग) फोडून आजच्या हद्दीत पुन्हा जोडावी का? आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगात ‘वाय’ऐवजी ‘आय’ (Sykes ऐवजी Sikes) लिहिलेल्या नोंदी सरसकट यातच धराव्यात, की जन्मस्थानाचा रकाना पाहून यॉर्कशरबाहेरच्या वेगळ्या काढाव्यात? असं काम केलेल्यांनी कृपया नेमकी पद्धत सांगा.