मदत हवी आहे : मोंढ्यातली रोजची पट्टी आय-थ्री आणि टर्मिनलवर कशी बसवावी?

नमस्कार मंडळी,

परभणीच्या मोंढ्यात (धान्यबाजारात) एका आडत दुकानावर मुनीम आहे. दुकानातला लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी. यंदा पोळ्याच्या सुट्टीत त्यावर डेबियन १२ (लिनक्स) टाकलं आणि जड डेस्कटॉप न घेता नुसता आय-थ्री, म्हणजे कीबोर्डने खिडक्या मांडणारा विंडो मॅनेजर, ठेवला. लॅपटॉपचा जीव हलका झाला आणि मला हे मनापासून आवडलं. मॉड (आय-थ्रीचं ठरवलेलं बटण) आणि एंटरला टर्मिनल, मॉड-डीला प्रोग्रॅम, मॉड-शिफ्ट आणि आकडा दाबला की खिडकी त्या जागेवर (वर्कस्पेसवर), एवढं बोटात बसलंय. लिहिणं विम या टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये. जुनी कमांड कंट्रोल-आरने शोधतो.

पण बटणं पाठ असणं वेगळं आणि काट्यावर सोयाबीनच्या ट्रॉल्या उभ्या असताना काम सुरळीत निघणं वेगळं. माझा दिवस असा : सकाळी त्या तारखेची नवी फाईल. सौदा झाला की एका शेतकऱ्याची एक ओळ, तीत नाव, गाव, वजन, भाव, हमाली, तोलाई. मग त्या ओळीवरून पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा हिशोबाचा कागद. संध्याकाळी मालकांना एकूण वजन आणि देणं सांगायचं, फाईल पेनड्राइव्हवर टाकायची. एवढंच काम, पण दिवसातून शंभरदा करायचं. अडतोय इथं :

एक, ऑकने (रकान्यांवर हिशोब करणारी कमांड) बेरीज केली की उत्तर शून्य येतं. फाईल डोळ्याने बरोबर दिसते. आकडे मी मराठीतच लिहितो, कारण पट्टी शेतकऱ्याच्या हातात जाते आणि ती त्याला वाचता आली पाहिजे. ही गोष्ट मला सोडायची नाही.

दोन, विममध्ये मराठी लिहून एस्केप दाबलं की कीबोर्ड मराठीतच राहतो. मग सेव्ह करायला गेलो तर भलतंच. दर ओळीला भाषा बदलण्यात हात थांबतो.

तीन, रकाने सरळ येत नाहीत. जोडाक्षर आलं की पुढचं सगळं सरकतं.

चार, लाईट. बॅटरी संपलेली आहे, लाईट गेली की लॅपटॉप बंद. एकाने टीमक्स (टर्मिनलचं सत्र चालू ठेवणारा प्रोग्रॅम) सुचवलं. टीमक्समुळे माझं लिहिलेलं जाण्यापासून वाचेल का?

शॉर्टकटच्या याद्या भरपूर वाचल्या. मला हवंय ते असं की रोज हेच करणारा माणूस कोणती गोष्ट कुठं ठेवतो, कशाची स्क्रिप्ट करतो आणि काय हाताने करतो. कुणी आपला दिवस सांगितला तर लई उपकार होतील.

प्रतिसाद १

मुनीमजी, शून्याचं कारण सरळ आहे. ऑकला ० ते ९ हे इंग्रजी आकडेच संख्या म्हणून कळतात. मराठी ४५ त्याला अक्षरं वाटतात आणि अक्षरांची किंमत तो शून्य धरतो. तुम्ही मराठीतच लिहा, फक्त बेरजेच्या आधी ओळ सेडमधून (मजकूर बदलणारी कमांड) काढा. सेडची वाय कमांड अक्षराला अक्षर बदलते, दहा मराठी आकडे एका बाजूला, दहा इंग्रजी दुसऱ्या बाजूला. पट्टी छापताना हेच उलटं. यासाठी टीआर (अक्षरं बदलणारी दुसरी कमांड) वापरू नका. ते एका वेळी एक बाईट बघतं आणि आपलं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायची पद्धत) तीन बाईटचं, त्यामुळे मजकूर फाटतो.

रकान्यांचं मूळही तेच. डेबियनवर मुळात येणारा ऑक म्हणजे मॉक, तो रुंदी बाईटमध्ये मोजतो. गॉक टाकला तर अक्षरं मोजेल, पण काना-मात्राही वेगळं अक्षर धरेल आणि टर्मिनल तर सगळं समान चौकटीत बसवायला बघतं. मी भांडणं सोडून दिलं : आकडे आधी, नाव-गाव ओळीच्या शेवटी, मध्ये टॅब. शेवटचा रकाना कितीही हलू दे, पुढे काहीच नसतं.

आणखी एक, तुम्हाला पुढे नक्की लागेल. ऱ्य, ऱ्ह दोन पद्धतीने टाईप होतात, एकदा ऱ हे वेगळं अक्षर घेऊन आणि एकदा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला सारखेच. ग्रेपने (शोधायची कमांड) पऱ्हाटी शोधली तर एकच प्रकार सापडतो, दुसऱ्या प्रकारच्या ओळी राहून जातात. उधारीत असं झालं तर घोळ. त्याच सेडमध्ये सगळे एका प्रकारात आणून ठेवा.

प्रतिसाद २

दादा, टीमक्सचा गैरसमज आधी काढा. टर्मिनल चुकून बंद झालं किंवा लांबच्या मशीनशी संपर्क तुटला तर टीमक्स सांभाळतं. लाईट जाऊन मशीनच बंद पडलं तर सत्र गेलं. तुम्हाला वाचवणार आहे विमची स्वॅप फाईल. २०० अक्षरं टाईप झाली किंवा ४ सेकंद हात थांबला की ती आपोआप लिहिली जाते. मशीन सुरू झाल्यावर तीच फाईल उघडा, विम स्वतः विचारतं, रिकव्हर म्हणा. तपासून सेव्ह करा आणि मगच जुनी स्वॅप पुसा. तरी बॅटरी बदला, सीझनआधी तो खर्च मोठा नाही.

भाषेसाठी एफसीआयटीएक्स-५ (टायपिंगची भाषा बदलणारा प्रोग्रॅम) आणि त्याचा एम-१७-एन भाग, ज्यात मराठी आहे. सोबत विमसाठी एफसीआयटीएक्सचं वेगळं प्लगइन मिळतं, तेही टाका. एस्केप दाबलं की इंग्रजी, पुन्हा लिहायला गेलं की मराठी, आपोआप.

माझा दिवस : जागा १ वर आजची फाईल, २ वर मोकळं टर्मिनल, ३ वर ब्राउझर. हे कधीच बदलत नाही. जागा ठरलेली असली की शोधावं लागत नाही, माझा निम्मा वेळ त्यात वाचला. तीनदा हाताने केलेल्या कामाची चौथ्यांदा स्क्रिप्ट. पेनड्राइव्हला कॉपी-पेस्ट नको, आर-सिंक ही कमांड घ्या, बदललेलंच नेतं.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. चार दिवस बसून केलं. दोन छोट्या स्क्रिप्ट झाल्या, पट्टी आणि बंद. पहिली ओळीवरून पट्टी काढते. दुसरी दिवसाची बेरीज दाखवते आणि पेनड्राइव्हवर नेते. नाव शेवटी नेल्यावर रकाने एकदम सरळ आले. जुन्या फायलींत ऱ्य दोन्ही प्रकारचा निघाला, तो दुरुस्त केला. काल मालकांनी वहीत हाताने बेरीज केली आणि स्क्रिप्टशी ताडून पाहिली, पैशासकट जुळली.

डॉट मॅट्रिक्सवर मराठी छपाई अजून नीट येत नाही. तिचा वेगळा धागा काढतो, ज्यांनी केलंय त्यांनी तिकडे नक्की या.