ऑफिसचा कॉम्प्युटर, बिलं आणि ती एक फाइल (सोसायटी ग्रुप)

बी-३०४ वहिनी: आज १२ तारीख. मेंटेनन्सचं बिल अजून हातात नाही. मागे आमचा चेक चार दिवस उशिरा गेला तर व्याज मात्र लगेच लागलं होतं. कमिटीपैकी कोणी बोलेल का?

सेक्रेटरी: वहिनी, नमस्कार. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बिलाचा प्रोग्राम उघडत नाहीये. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारायला लागेल. उद्या सकाळी वॉचमनबरोबर पाठवतोय.

अप्पा (बी-२०३): नवीन कॉम्प्युटर घेण्याचा ठराव २०१९ च्या वार्षिक सभेत मंजूर झालेला आहे. इतिवृत्त पाहावे.

सी-५०२ ताई: सेक्रेटरी, कृपा करून पाठवू नका. आधी सांगा, खतावणीचा बॅकअप कुठे आहे?

खजिनदार: मार्चअखेरचा पेनड्राइव्हवर आहे.

सी-५०२ ताई: म्हणजे एप्रिलपासूनच्या पावत्या फक्त त्या मशिनवर! फॉरमॅट मारला की गेल्या. मी २२ वर्षं बँकेच्या कॉम्प्युटर विभागात काढली आहेत, एका प्रोग्रामपायी फॉरमॅट मारलेला मला चालणार नाही. मशीन सुरू होतंय ना? मग आज रात्रीच सगळा डेटा बाहेर काढा.

बी-३०४ वहिनी: बिलच दिलं नाही तर ह्या महिन्याचं व्याज कसं लावणार, तेही सांगा.

खजिनदार: व्याज उपविधीप्रमाणे लागतं. त्यातल्या कमाल दराच्या वर लावता येत नाही, आपण तर त्याहून कमी लावतो.

बी-३०४ वहिनी: आणि घर भाड्याने दिलेल्यांच्या जादा शुल्काचं काय? सेवाशुल्काच्या १० टक्केच घ्यायचे असा सरकारचा आदेश आहे, दोन वर्षं आमच्याकडून जास्त घेतलेत.

खजिनदार: तो विषय मिटलाय वहिनी. पत्र दिलंय तुम्हाला.

बी-३०४ वहिनी: पत्र मिळालं. पैसे नाही मिळाले.

ए-१०४: आपला कॉम्प्युटर विंडोज ७ वाला. ते आलं २००९ ला, आमचं लग्न पण त्याच वर्षीचं. अपडेट दोघांनाही बंद 😄

माई (ए-१०१): तुझ्या बायकोला दाखवते हा मेसेज.

सी-५०२ ताई: डेटा घेतला का कोणी?

सेक्रेटरी: घेतला ताई. दोन पेनड्राइव्हवर. आता ऐका. प्रोग्राम उघडला की 'नीट सुरू होऊ शकला नाही' असं येतं आणि पुढे शून्यांची रांग, शेवटी '७बी'. नोटपॅडमधून प्रिंट मात्र व्यवस्थित निघते.

सी-५०२ ताई: मग प्रिंटर चांगला आहे. ७बी म्हणजे बहुतेक वेळा ३२ बिटच्या प्रोग्रामला ६४ बिटची फाइल मिळाली. हे प्रोग्रामचे दोन प्रकार, एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. अलीकडे कोणी काही बदललं होतं का?

सेक्रेटरी: खजिनदारांना विचारा.

खजिनदार: प्रिंट अडकत होती म्हणून भाच्याने बघितलं. त्याच्या लॅपटॉपमधून एक फाइल आणून टाकली. विनस्पूल असं काहीतरी नाव. मुलगा मदतच करत होता, फुकट.

बी-३०४ वहिनी: सोसायटीच्या कॉम्प्युटरला घरचा माणूस हात लावतो, आणि आम्हाला चार दिवसांचं व्याज!

सेक्रेटरी: वहिनी, प्लीज.

सी-५०२ ताई: मुलाला बोलू नका, ह्यात मुरलेली माणसं फसतात. ६४ बिटच्या विंडोजमध्ये 'सिस्टम ३२' नावाच्या फोल्डरमध्ये ६४ बिटच्या फाइली असतात. ३२ बिटच्या असतात 'सिसवाऊ ६४' मध्ये. नावं अगदी उलटी! आपला बिलाचा प्रोग्राम जुना, ३२ बिटचा, तो सिसवाऊमधून उचलतो. भाच्याने त्याच्या लॅपटॉपच्या सिस्टम ३२ मधली फाइल आपल्या सिसवाऊमध्ये टाकली असणार. सेक्रेटरी, त्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. व्हर्जन काय दिसतंय?

सेक्रेटरी: १०.० ने सुरू होतंय.

सी-५०२ ताई: ती विंडोज १० ची. आपल्याकडे ६.१.७६०१ पाहिजे. ६.१ म्हणजे विंडोज ७, ७६०१ म्हणजे तिचा सर्व्हिस पॅक १, नंतर आलेली सुधारणा. नुसतं ७६०० असेल तर तीही घ्यायची नाही.

ए-१०४: नेटवर मिळते की ही फाइल फुकट. लिंक टाकू?

सी-५०२ ताई: नको! अशा साइटवरची फाइल कोणी कुठून आणली काही कळत नाही. सगळ्यांच्या थकबाकीच्या नोंदी आहेत त्या मशिनवर.

अप्पा (बी-२०३): नवीन कॉम्प्युटरचा ठराव २०१९ मध्येच मंजूर आहे. विंडोज ७ चा कंपनीकडून मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० ला बंद झाला.

सी-५०२ ताई: अप्पा, तुमचं बरोबर आहे. पण नव्या मशिनवर हा प्रोग्राम चालेल का ते आधी बघायला लागेल, आणि आज बिलं निघायला हवीत.

सेक्रेटरी: ऑडिटर पण थांबलेत. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, १४ दिवस आधी नोटीस.

सी-५०२ ताई: मी ऑफिसात बसले आहे. एसएफसी स्कॅननाउ चालवलं, म्हणजे विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी कमांड. बिघडलेली फाइल सापडली पण दुरुस्त करता येत नाही म्हणतंय. साहजिक आहे. विंडोज ७ स्वतःकडे जी मूळ प्रत ठेवतं ती आणि फोल्डरमधली फाइल डिस्कवर एकच असते, नावं तेवढी दोन. भाच्याने वरून कॉपी केली त्यात मूळही गेली. कोणाकडे विंडोज ७, ६४ बिट, सर्व्हिस पॅक १ आहे?

माई (ए-१०१): ह्यांचा जुना लॅपटॉप आहे गं. पत्रिका बघायला ठेवलाय.

सी-५०२ ताई: माई, घेऊन येते. त्याच्याही सिसवाऊ ६४ मधूनच घेणार.

अप्पा (बी-२०३): ठरावाबद्दल कोणी उत्तर दिलेले नाही.

ए-१०४: अप्पा, ताईंना काम करू द्या.

अप्पा (बी-२०३): मी कोणाला अडवलेले नाही. आठवण करून देणे हा सभासदाचा हक्क आहे.

सी-५०२ ताई: झालं. व्हर्जनचे सगळे आकडे जुळले. सुरू विंडोजमध्ये जबरदस्ती केली नाही, कारण सिस्टमच्या फाइली विंडोजच्याच 'ट्रस्टेड इन्स्टॉलर'च्या मालकीच्या असतात आणि कुठला तरी प्रोग्राम त्या धरून बसतो. मशीन रिपेअरमध्ये सुरू करून काळ्या खिडकीतून (कमांड प्रॉम्प्ट) कॉपी केली. तिथे आपला सी ड्राइव्ह डी म्हणून दिसतो, हे न बघता पुष्कळजण चुकीच्या जागी कॉपी करतात. नंतर फाइलची मालकी परत ट्रस्टेड इन्स्टॉलरला दिली. एसएफसी पुन्हा चालवलं, स्वच्छ. बिलाचा प्रोग्राम उघडला.

सेक्रेटरी: 🙏🙏 ताई, फार मोठं काम केलंत. बिलं संध्याकाळी वॉचमन वाटेल. देय तारीख एक आठवडा पुढे, तोवर कोणालाही व्याज नाही.

बी-३०४ वहिनी: धन्यवाद ताई. सेक्रेटरी, हे वाक्य नोटीस बोर्डवर पण लावा.

खजिनदार: भाच्याला सांगितलंय. तो सॉरी म्हणाला.

सी-५०२ ताई: त्याला रविवारी माझ्याकडे पाठवा, रागावणार नाही. एसएफसी कसं चालवायचं ते दाखवते. आणि एक पेनड्राइव्ह ऑफिसात, दुसरा ऑफिसबाहेर कोणाच्या तरी घरी राहिला पाहिजे. दर शनिवारी नवीन प्रत.

सेक्रेटरी: दुसरा अप्पांकडे ठेवू या? आणि कॉम्प्युटर खरेदीचा विषय सभेच्या नोटिशीत घेतो. दोन कोटेशन मागवतो.

अप्पा (बी-२०३): तीन मागवावीत. पेनड्राइव्ह आणून द्यावा, मी घरीच आहे.