मदत हवी आहे: बाहेर दिसेनासं झालं की विमान डावीकडे कलतं, लवकर सांगा

वर्धा_रोड: विमान उडवायला शिकतेय. सरळ उडवते तरी डावीकडे कलतंय असं वाटतं. उजवीकडे नेलं की सर ओरडतात, "सरळच होतं!" उंचीही २०० फूट घसरते. चेक (परीक्षेचं उड्डाण) जवळ आलाय.

मिहानकर: खऱ्या ढगात की हुड (बाहेरचं दिसू न देणारी टोपी) घालून? विमान कुठलं?

खामला_काका: हिवाळ्यात दिल्लीचं धुकं फार. सकाळचं विमान टाळा, दुपारचं तिकीट काढा.

वर्धा_रोड: काका, तिकिटाचं नाही विचारलं. सेसना १७२, हुड घालून, जुनं पॅनल (काट्यांच्या तबकड्यांचं).

जुना_इन्स्ट्रक्टर: बेटा, विमान फार हळू कललं तर कानातल्या द्रवाला कळतच नाही. मग झटकन सरळ केलं की उलट बाजूला कलल्यासारखं वाटतं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात फक्त यंत्रं बघून उडण्याचं शिक्षण नसलेले २० जण तपासले, सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. अंगाचं ऐकू नको. नजर होरायझनवर (विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र), तिथून अल्टिमीटर (उंची), परत होरायझन, मग हेडिंग (दिशा), परत होरायझन. कॅटेगरी १ च्या आयएलएसला (रेडिओ लहरींच्या आधाराने धावपट्टीवर उतरण्याची पद्धत) निर्णयाची उंचीच, म्हणजे धावपट्टी दिसली नाही तर परत वर जायची उंची, २०० फूट असते, तिथे २०० फूट घसरलीस तर खाली जमीनच आहे.

मिहानकर: सिम्युलेटरवर बस. डीजीसीए (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) यंत्रांवर उडण्याच्या ४० तासांपैकी २० तास त्यावर धरते.

जुना_इन्स्ट्रक्टर: जागेवरच्या, न हलणाऱ्या सिम्युलेटरमध्ये कान फसतच नाही. हिचा प्रश्न कानाचा आहे.

मिहानकर: पण नजर फिरवायची सवय तिथेच लागते ना भाऊ!

काटोल_नाका: एकट्या होरायझनवर विसंबू नका. त्याला चालवणारा व्हॅक्यूम पंप गेला की तो हळूहळू कलंडतो आणि खोटं दाखवतो. टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारं यंत्र) विजेवर चालतो, त्याच्याशी ताडून बघा. ताई, त्यातला चेंडू कुठे असतो? उजवा रडर (शेपटीचं सुकाणू फिरवणारं पायातलं पेडल) दाबलेला राहिला की चेंडू डावीकडे जातो, अंगही तिकडेच ढकललं जातं.

वर्धा_रोड: चेंडू डावीकडेच असतो! पाय सैल सोडून बघते. पण टर्नमध्ये उंची का जाते?

जुना_इन्स्ट्रक्टर: टर्नमध्ये जाते हे आधी सांगायचं ना! बँक घेतली (विमान कलवलं) की योक (हातातलं चाक) जरासा मागे घ्यावा लागतो. ९० नॉट्सला सेकंदाला ३ अंश वळायला १४ अंशांची बँक पुरते. तू किती घेतेस?

वर्धा_रोड: २५ च्या आसपास.

जुना_इन्स्ट्रक्टर: मग उंची जाणारच. १४ वर ये.