विषय: बोलेरोला मोठे टायर, काटा आणि अ‍ॅव्हरेज

प्रेषक: प्रसाद (मिशिगन)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या हॉलचं बोलणं चालू असताना मध्येच गाडीचं काढतोय, चालवून घ्या. लिस्टवर निम्मे लोक गाड्यांच्याच धंद्यात आहेत म्हणून विचारतो. नाशिकला बाबांची बोलेरो आहे, दिंडोरीकडे द्राक्षबाग असल्यामुळे रोजचं जाणं-येणं. टायर पार गुळगुळीत झाले होते म्हणून गेल्या महिन्यात दुकानात गेले तर तो म्हणाला साहेब एक साइझ वरचा टाका, गाडी उठून दिसेल, आणि २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ बसवून दिले. बाबा खूश. पण आता रोज फोनवर एकच, अ‍ॅव्हरेज पडलं, आधी १४ देत होती आता १३.२ वर आली. त्यात शेजारच्यांनी सांगितलंय की आता स्पीडचा काटा खोटं दाखवणार, कॅमेऱ्यात सापडाल. टायरवाला म्हणतो काही फरक पडत नसतो. नक्की काय धरायचं?

प्रसाद

---

प्रेषक: सुनीलकाका (सध्या मुक्काम गंगापूर रोड, नाशिक)

प्रसाद, तुझ्या बाबांना सांग घाबरू नका, पण टायरवाल्याचंही ऐकू नका.

गाडीला वेग कळत नाही रे, तिला फक्त चाक किती वेळा फिरलं तेवढं कळतं. गिअरबॉक्सवरचा किंवा चाकाजवळचा सेन्सर फेरे मोजतो आणि एका फेऱ्यात अमुक इतकं अंतर हे कंपनीने आत लिहून ठेवलेलं असतं. जुन्या गाड्यांत केबल असायची, केबलच्या टोकाला फिरणारं चुंबक आणि त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी, चुंबक फिरलं की वाटी ओढली जायची आणि काटा सरकायचा, ऑटो शुल्झेचं १९०२ चं पेटंट, शंभरेक वर्षं जगाने त्यावर काढली. तिथेही गणित तेच, फेरे मोजा आणि टायर तोच आहे असं समजा.

आता तुझा हिशोब. २१५ ही टायरची रुंदी मिमीमध्ये, तिच्या ७५ टक्के म्हणजे १६१.२५ मिमी ही टायरच्या भिंतीची उंची, वर-खाली दोन्ही मिळून ३२२.५, त्यात १५ इंची रिमचे ३८१, एकूण व्यास ७०३.५. नवीन टायरचा तसाच काढला तर ७३३.५. बरोब्बर ३० मिमी जास्त, ४.३ टक्के. म्हणजे पूर्वी काटा ८० वर असताना गाडी जेवढी पळायची त्यापेक्षा आता त्याच काट्याला ४.३ टक्के जास्त पळते.

पण म्हणून काटा कमी दाखवायला लागला असं नाही, इथेच सगळे घसरतात. कारखान्यातून निघालेला काटा मुळातच थोडा जास्त दाखवतो आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. युरोपात युएन रेग्युलेशन ३९ आहे, त्यात काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर दहा टक्के अधिक ४ किमीपर्यंत चालेल. खरा वेग ८० असेल तर काटा ९२ पर्यंत गेला तरी नियमात बसतो. मी डेट्रॉइटला क्लस्टरवरच, म्हणजे स्टेअरिंगसमोरच्या मीटरच्या पॅनेलवरच काम केलं, खालच्या बाजूला चूक परवडत नाही म्हणून सगळेच थोडं वर सेट करतात. तुझ्या बाबांच्या गाडीत काटा १०० ला खरा वेग ९५ असेल असं समज, तर आता तो ९९ झाला. काटा उलट खऱ्याच्या जवळ आला.

ओडोमीटरला, म्हणजे एकूण किलोमीटर मोजणाऱ्या आकड्याला, मात्र असं वर ठेवायची गरज नसते, तो बऱ्यापैकी खरा असतो, त्यामुळे तो आता कमी मोजतोय. १०,००० दाखवेल तेव्हा गाडी १०,४३० गेलेली असेल, सर्व्हिसिंग थोडं आधी करा. आणि अ‍ॅव्हरेज काढताना किलोमीटर त्याच्यावरूनच घेता ना, मग १३.२ ला १.०४३ ने गुणा, १३.७७ येतं. पडलेल्या ०.८ मधलं जवळजवळ ०.६ नुसतं कागदावरचं आहे.

सुनील

---

प्रेषक: वैभव (श्टुटगार्ट)

काकांना हजार मोदक. माझ्याकडून एवढंच की इकडे जर्मनीत गाडीच्या कागदांत नसलेली साइझ परस्पर टाकली तर गाडी रस्त्यावर चालवायची परवानगीच धोक्यात येते, आधी टीयूव्हीसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत दाखवून कागदावर चढवून घ्यावं लागतं. नाशिकला कोणी अडवणार नाही पण विमा कंपनीला एक मेल टाकून ठेवायला सांग. क्लेमच्या वेळी त्यांना सगळे नियम आठवतात.

---

प्रेषक: मेधाताई (अ‍ॅन आर्बर)

एक शंका. प्रसाद म्हणतोय जुने टायर गुळगुळीत झाले होते. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी असते, संपत आल्यावर २ धरू, म्हणजे व्यास १२ मिमीने कमी, ६९१.५. मग जुन्या टायरवर ओडोमीटर जास्तच मोजत होता की! ते १४ सुद्धा फुगलेलं. १.७ टक्के काढले तर १३.७६ राहतं. म्हणजे बाबांचं अ‍ॅव्हरेज पडलंच नाही???

बाय द वे हॉलचं डिपॉझिट कोणी भरलं का?

मेधा

---

प्रेषक: सुनीलकाका

मेधा, शाब्बास, हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. एक दुरुस्ती फक्त, झिजल्यावर व्यास १२ मिमीने कमी झाला तरी एका फेऱ्यातलं अंतर तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही. आतला स्टीलचा पट्टा तोच राहतो आणि तो ताणत नाही, त्यामुळे फरक थोडा कमीच धर. पण दिशा तू म्हणतेस तीच. नवीन टायर रुंद आणि जड आहेत त्यामुळे डिझेल थोडंफार जास्त जाणारच, पण ०.८ नक्की नाही.

प्रसाद, बाबांना मोजूनच बघू दे. आडगाव सोडलं की ओझरपर्यंत हायवे सरळ आहे, सकाळी लवकर जायचं, काटा ८० वर धरून ठेवायचा आणि शेजारी बसलेल्याने फोनवर जीपीएसचा वेग बघायचा, चालवणाऱ्याने नाही. वेग स्थिर झाल्यावर काही सेकंद थांबून आकडा घ्या, जीपीएस जरा मागून येतं. फोनवर भरवसा नसेल तर किलोमीटरचे दगड आहेत, दोन दगडांत ४५ सेकंद लागले तर खरा वेग ८०. समृद्धीवर इगतपुरीच्या बोगद्यात नका करू, तिथे सिग्नलच जातो.

आणि काटा खऱ्याजवळ आला यात एक मेख आहे. आपल्याला सवय असते, ८० ची लिमिट आहे तर काटा ८४ ठेवला तरी चालतं. ते चालायचं कारण हा वरचा हिस्सा होता, तो आता संपला. रडारला तुमच्या टायरशी काही देणंघेणं नसतं.

घाटात गाडी जड वाटेल तेही त्यामुळेच, सगळे गिअर ४.३ टक्के लांब झाल्यासारखे होतात. कसाऱ्याला जिथे चौथ्यात चढायची तिथे तिसरा मागेल.

---

प्रेषक: प्रसाद

काका, बाबा रविवारी पहाटे आईला शेजारी बसवून गेले. काटा ८० ला फोन ७९ दाखवत होता, दगडांमध्ये ४५-४६ सेकंद. आई म्हणाली पुन्हा असल्या कामाला मला नेऊ नका. अ‍ॅव्हरेजबद्दल बाबांना मेधाताईंचं गणित वाचून दाखवलं, त्यांना पटलंय पण दुकानदारासमोर मान्य करणार नाहीत म्हणे.

एक राहिलं, स्टेपनी जुन्याच साइझची आहे. पंक्चर झालं तर चालेल का? आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढे आत कुठेतरी घासल्याचा आवाज येतो.

---

प्रेषक: सुनीलकाका

घासतंय ते मडगार्डच्या आतलं प्लास्टिक असणार, पण ब्रेकच्या पाइपाला तर लागत नाही ना हे गाडी वर घेऊन बघायला सांग, आजच. स्टेपनी पुढच्या चाकाला चालेल, हळू, पंक्चरवाल्यापर्यंत. मागे नको. बोलेरोला ओढ मागच्या चाकांना आहे, एक मोठं एक लहान झालं की सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) सतत फिरत राहतं आणि तापतं. मागचं पंक्चर झालं तर पुढचं मोठं काढून मागे लावायचं आणि स्टेपनी पुढे. दोनदा जॅक लावावा लागेल, इलाज नाही.

मेधा, डिपॉझिट वैभवच्या वेळचे खजिनदार बघतायत असं ऐकलं.